पळसाचं पान गळायच्या आत

आमच्या कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून एक पळस आहे. यंदाच्या माघात तो पार उघडा झाला. खालची पानं वाऱ्यानं लोळत सायकल स्टँडपर्यंत आली आणि झाडणाऱ्या बाईंनी ती गोळा करून टाकूनही दिली. बसमध्ये कोणी उभं राहून घोषणा केली नाही, कोणाचा रविवार मोडला नाही. सर अजून कारखान्यात असते तर त्या पळसाचं पहिलं पान पिवळं पडल्यापासून त्यांनी आम्हाला जगणं नकोसं करून सोडलं असतं.

सर म्हणजे आमचे क्वालिटीचे प्रमुख. कारखाना बिस्किटांचा, कळमेश्वरच्या एमआयडीसीतला. मी तिथे केमिस्ट म्हणून लागले तेव्हा सरांचं नाक ही कारखान्यातली सगळ्यात महागडी मशीन आहे असं लोक मला हसत सांगायचे. मला ती थट्टा वाटली होती. पहिल्या दिवशी मी प्रयोगशाळेच्या दारात पोचले, तर एका उंच, वाकलेल्या, मफलर गुंडाळलेल्या माणसानं हात आडवा करून मला थांबवलं. डोळे मिटले, हवा आत ओढली आणि म्हणाला, "सकाळी मेथीची भाजी खाल्ली. केसाले खोबरेल. अन् पर्समंधी बामाची डबी हाय."

तिन्ही खरं होतं.

"बाम बाहेर ठेवून ये. मंग नाव सांग," सर म्हणाले.

प्रयोगशाळेच्या दाराबाहेर त्यांनी एक खिळा ठोकून घेतला होता. बायकांचे गजरे तिथे टांगायचे. सणासुदीला त्या खिळ्यावर इतके मोगरे लटकत की नवा माणूस आत देव आहे समजून चपला काढायचा. अत्तर लावून आलेल्या एका अकाउंट्सवाल्याला सरांनी खिडकीतून बोलायला लावलं होतं. स्वतः कामाच्या दिवशी कच्चा कांदा खात नसत, थंडीत नाकावरून मफलर हलवत नसत, आणि सर्दी झाली की सरळ रजा टाकत. "हात मोडला असता तं आलो असतो," असं फोनवर सांगत, म्हणजे त्याउप्पर बोलायची सोयच नाही.

काकू, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "लोक दसऱ्याले हत्यारं पुजतात. माह्या घरी यायच्या नाकाले हळदकुंकू लावा लागते."

त्यावर सर मोठ्यानं हसायचे. काकूंनी टिंगल केली की त्यांना खरंच आनंद व्हायचा. दुसऱ्या कोणी केली तर तो माणूस आठवडाभर त्यांच्या नजरेसमोर यायचं टाळायचा.

त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. नागपूरच्या प्रताप नगरात त्यांचं लहानसं घर, अंगणात देशी बदामाचं झाड. थंडी सरत आली की त्या बदामाची पानं तांबडी लाल होत आणि एक एक करत शेजाऱ्यांच्या अंगणात जाऊन पडत. शेजारी वैतागत. सर टोपली घेऊन शेजाऱ्यांकडे जात, आपली पानं वेचून आणत, आणि वेचता वेचता प्रत्येक पान नाकाशी नेत. आम्ही दोन गल्ल्या सोडून राहायचो, त्यामुळे हा सोहळा मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. माझी आई तेव्हा मला विचारायची, "तू याच माणसाच्या हाताखाली आहेस ना? मग पगार वाढवून माग."

कंपनीची बस आम्हाला प्रताप नगरच्या चौकातून घ्यायची. सरांची जागा ड्रायव्हरच्या मागची, खिडकी सताड उघडी. डिसेंबरातल्या सकाळी अख्खी बस शालीत तोंड खुपसून बसलेली असायची आणि हा माणूस मफलर खाली ओढून वाऱ्यात नाक काढून बसायचा. मी एकदा हिंमत करून म्हणाले, "सर, खिडकी लावा ना."

"थांब वं. साग गळून राहिला."

"मग गळू दे ना सर. इथे आम्ही गळून राहिलो."

बस हसली. सर मागे वळले आणि गंभीरपणे म्हणाले, "फुलाले कोणीही नाक लावते. पान जातानी वास देते, तो घेणारा पाहिजे कोणी." मग पुन्हा बाहेर बघायला लागले. मी शाल डोक्यावरून घेतली आणि मनातल्या मनात त्यांना नावं ठेवली. खरं सांगायचं तर त्यानंतर मीही वास घेऊन पाहायला लागले. सागाच्या सुक्या पानांचा वेगळा, कडुलिंबाच्या पिवळ्या पाचोळ्याचा वेगळा, पिंपळाचा आणखी वेगळा. मला आधी कोणी सांगितलंच नव्हतं की झाडं जाता जाता काही बोलतात. ते सरांनी सांगितलं, आणि तेही सर्दी होईपर्यंत.

रस्त्याच्या कडेला कोणी पाचोळा पेटवलेला दिसला की मात्र बस थांबलीच. सर उतरायचे, स्वतःची पाण्याची बाटली त्या ढिगावर ओतायचे आणि पेटवणाऱ्याला विचारायचे, "काहून जाळून राहिला गा? त्यानं तुह्यं काय घेतलं?" आमचे ड्रायव्हरभाऊ गुटगुटीत आणि शांत. स्टिअरिंगवर हनुवटी टेकवून म्हणायचे, "सर, हजेरी कटून जाईल ना बाप्पा." कधीकधी कटायचीसुद्धा.

एकदा ऑक्टोबरात मुंबईच्या ऑफिसातून एका नव्या बिस्किटाचं पाकीट तपासायला आलं. दालचिनीचं बिस्किट, खास ऋतूसाठी काढलेलं, आणि पाकिटावर लालभडक पंचकोनी पानांचा पाऊस. आमच्याकडे त्या दिवशी ऑक्टोबरचं ऊन अंगावर चटके देत होतं. सरांनी बिस्किट मोडलं, हुंगलं, खाल्लं. बिस्किट पास केलं. मग व्हिडिओ कॉलवर मार्केटिंगच्या पोराला विचारलं, "हे पान कशाचं हाय?"

"सर, मेपल. ऑटमचा फील यावा म्हणून."

"कुठं हाय हे झाड? कळमेश्वरात दाखव मले."

पोरगा हसला. "सर, फॉरेनचं आहे ते."

"मंग पानगळ फॉरेनची काहून विकून राहिला? आपल्याकडं नाही होत का?" असं म्हणून सरांनी टेबलाखालून गेल्या वर्षीचं जपून ठेवलेलं सागाचं एक वाळकं पान काढलं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं. सागाचं पान केवढं असतं ते सांगायला नको. सर पूर्ण दिसेनासे झाले. पानाच्या मागून आवाज येत राहिला: आपली पानगळ माघात असते, तेव्हा बिस्किट काढा, त्यात गूळ घाला, ओवा घाला, धुराचा वास येऊ द्या. शेवटी कोणीतरी "आवाज तुटतोय सर" म्हणून कॉल बंद केला. माझ्या पोटात हसून हसून दुखायला लागलं होतं. सर मात्र उदास झाले होते. पान परत खाली ठेवताना म्हणाले, "आवाज नव्हता तुटत."

त्यांच्या डोक्यात जे बिस्किट होतं ते म्हणजे पानगे. आणि वर्षातून एकदा ते आम्हाला करून खाऊ घालत.

कळमेश्वरच्या अलीकडे सरांचं वडिलोपार्जित वावर होतं. लहानसंच शेत, बांधावर पळसाची झाडं. पानग्याला पळसाचं पान लागतं. कणीक जाडसर दळलेली, तीत ओवा, मीठ आणि तेलाचं मोहन घालून घट्ट भिजवायची, तळहाताएवढी थापून दोन पानांच्या मध्ये दाबायची, आणि गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायची. वर वांग्याची भाजी आणि तुपाची धार. विदर्भात हे घरोघरी करतात, त्यात नवल नाही. नवल सरांच्या मुहूर्ताचं होतं. पान कोवळं असलं तर विस्तवावर फाटतं, गळून पडलेलं असलं तर भसकन पेट घेतं. झाडावरच जून झालेलं, देठ सुटायला आलेलं पण अजून सुटलेलं नाही, असं पान त्यांना हवं असायचं. म्हणजे मुहूर्त झाड काढणार. पौष संपला की सर रोज कारखान्यामागच्या पळसाकडे जाऊन पानाचे देठ हलवून पाहत, आणि मग एका सकाळी बसमध्ये उभं राहून सांगत, "या रविवारी या सारे. पानं जाऊन राहिली."

त्या रविवारी कोणाचं लग्न असलं तरी लोक जेवण टाळून वावरात यायचे.

विस्तवापाशी एक कायदा होता. पानगे आत गेले की कोणी बोलायचं नाही. काडीनं टोचायचं नाही, पान उचलून पाहायचं नाही. एकदा पान उघडलं की आतली वाफ जाते आणि पानगा दगड होतो. मग कळणार कसं की झाला? वासानं. आधी हिरवं पान उकडल्याचा वास येतो. मग पान करपायला लागतं, तो धुरकट, किंचित गोड. आणि त्याच्या मागोमाग भाजलेल्या गव्हाचा एक झोत येतो, अगदी थोडा वेळ. त्या वेळी काढायचे. सर लाकडी पाटावर डोळे मिटून बसत. आम्ही सगळे श्वास धरून. हजेरीची घाई करणारे ड्रायव्हरभाऊसुद्धा. काकू वांग्याच्या भांड्यावर झाकण ठेवून उभ्या राहत, कारण त्या भाजीचा वास मध्ये आला तर त्यांचीही गय नव्हती. मग सर डोळे उघडत, काकूंकडे पाहत आणि म्हणत, "काढ."

त्या आधीच हात पुढे करून तयार असत. त्यांनाही कळलेलं असायचं, पण त्या कधी आधी बोलल्या नाहीत. मी एकदा विचारलं तर कानाशी येऊन म्हणाल्या, "म्या आधी सांगितलं तं यायनं कायले बसावं तिथं? बसू दे वं. वर्षातून एक दिवस राजा होते बिचारा."

काकूंचा हात मऊ होता आणि सतत ओला असायचा. बोलता बोलता पदराला पुसत जवळ येऊन बसायच्या, अगदी गुडघ्याला गुडघा लावून. मला त्या फार आवडायच्या. आईपेक्षा जास्त म्हटलं तर आई रागावेल, म्हणून तेवढं म्हणत नाही.

मग करोनाची ती दुसरी लाट आली. त्या एप्रिलबद्दल नागपुरातल्या माणसाला काही सांगायला नको. दोघंही एकाच आठवड्यात आजारी पडले. जिथे जागा मिळाली तिथे एकेकाला नेलं, म्हणजे दोघं दोन टोकांना. सर घरी आले. काकू आल्या नाहीत. सरांना काकूंना शेवटचं बघायलासुद्धा मिळालं नाही. मी फोन केला तेव्हा सर एवढंच म्हणाले, "तिचे कपडे घेऊन जा म्हणून दवाखान्यातून फोन आला होता. मी म्हटलं, राहू द्या."

पाऊस सुरू झाल्यावर ते कामावर आले. तोंडावर मास्क, अंगातला शर्ट सैल झालेला. कोणी जवळ जाऊन बोलायला धजत नव्हतं. बसमध्ये खिडकी उघडी असायची, पण ते बाहेर नाक काढत नव्हते, नुसते बघत बसत. आम्ही म्हणायचो, दुःख आहे, निवळेल.

हळूहळू काही गोष्टी बदलल्या. पूर्वी तेलाचा नमुना आला की सर आधी हुंगायचे आणि मग मला विचारायचे. आता मला आधी विचारायला लागले. "तुले काय वाटते?" मी म्हणायचे, खवट आहे थोडं. "मंग पाठव वापस," असं म्हणून ते उठून जायचे. मला वाटलं, आपण तयार झालो, आपल्यावर विश्वास बसला. घरी आईला कौतुकानं सांगितलंसुद्धा. गणपतीच्या दिवसांत पॅकिंगमधली एक मुलगी मोगऱ्याचा भरघोस गजरा माळून थेट प्रयोगशाळेत आली. आम्ही सगळे जागच्या जागी थिजलो. सर तिच्याशी शांतपणे बोलले आणि सही करून तिला पाठवलं. नंतर सगळे म्हणाले, माणूस किती मवाळ झाला बघा. बायको गेली की माणसाचा कडकपणा जातो, असंही कोणी म्हणालं. मीही मान डोलावली.

माघ आला. यंदा पानगे होणार नाहीत हे आम्ही गृहीत धरलं होतं. कणीक कोण भिजवणार, वांगी कोण करणार, आणि मुळात कोणत्या तोंडानं जायचं. पण एका सकाळी चौकातून बस निघाली आणि सर दांडीला धरून उभे राहिले.

"या रविवारी या सारे. पानं जाऊन राहिली."

आम्ही सगळे गेलो. कणीक मी आणि पॅकिंगमधल्या बायकांनी भिजवली, वांगीही आम्हीच केली. ओवा जास्त झाला असावा, पण सर काही म्हणाले नाहीत. त्यांनी स्वतः पानं तोडून आणली होती, नेहमीसारखी, देठाशी सैल झालेली. गोवऱ्या रचल्या, पानगे मांडले, वरून निखारे ओढले आणि पाटावर बसले. काकूंची जागा रिकामी होती, तिथे कोणी उभं राहिलं नाही.

आम्ही गप्प. उकडलेल्या पानाचा वास आला. मग पान करपू लागलं. मग गव्हाचा तो झोत आला, स्वच्छ, ओळखीचा. मी सरांकडे पाहिलं. मला वाटलं आता डोळे उघडतील. डोळे उघडेच होते. ते हलले नाहीत.

तो वास गेला. त्याच्या जागी कडू धूर यायला लागला. माझ्या शेजारच्या बाईनं माझा दंड धरला. पण त्या विस्तवापाशी आजवर सरांखेरीज कोणी तोंड उघडलेलं नव्हतं, आणि आज, काकू नसताना, ते आपण करावं असं एकालाही वाटेना. धूर काळा व्हायला लागला. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की सर विस्तवाकडे बघतच नव्हते. ते आमच्या तोंडांकडे बघत होते. एकामागून एक, माझ्याकडे, त्या बाईकडे, ड्रायव्हरभाऊंकडे. कोणाच्या तरी चेहऱ्यावरून कळेल म्हणून. आणि आम्ही सगळे त्यांच्या धाकानं चेहरे दगडासारखे करून बसलो होतो.

शेवटी ड्रायव्हरभाऊंना राहवलं नाही. "सर, जळून राहिलं ना!"

सरांनी खाली पाहिलं. हातानंच एक पानगा ओढला, बोटं भाजली तरी सोडला नाही. पान उलगडलं. आत कोळसा होता.

"जळलं का?" त्यांनी मला विचारलं.

"हो सर."

"लय वेळ झाला?"

सरांनी त्या काळ्या गोळ्याचा तुकडा मोडला, तोंडात घातला आणि चावत राहिले. मग म्हणाले, "मले वास येत नाही. आजारी पडलो तेव्हाचा. सगळ्यायचा आला वापस, माहा नाही आला." तोंडाला लागलेली काजळी पुसत म्हणाले, "मले वाटलं, इथं येईल. इतके वर्ष इथंच तं येत होता."

त्या दिवशी सगळ्यांनी ते जळके पानगे खाल्ले. आतला न जळलेला भाग शोधून शोधून, भाजीत बुडवून. कोणी टाकले नाहीत. ड्रायव्हरभाऊ बांधाच्या पलीकडे तोंड करून जेवले.

पुढच्याच आठवड्यात सरांनी राजीनामा दिला. साहेब लोकांनी समजावलं, दुसऱ्या खात्यात बसा, कागदोपत्री काम बघा. सर म्हणाले, "मी तिथं काय करू? कागदाले वास नसते असं थोडी हाय." कोणाला हसावं की काय कळलं नाही. ते गेल्यावर त्यांची खुर्ची मला मिळाली. मी ती कोपऱ्यात सरकवली आणि माझी जुनीच वापरत राहिले.

मी अधूनमधून त्यांच्या घरी जायचे. स्वयंपाकघराच्या खिडकीत वाट्या मांडलेल्या असत. एकीत ओवा, एकीत लवंग, एकीत लिंबाची साल, एकीत बदामाची वाळकी पानं चुरून ठेवलेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की रोज एक एक वास घ्या आणि मनात तो आठवा, कधीकधी परत येतो. सर रोज सकाळी आंघोळ करून, एखादी पूजा करावी तसं ते करायचे. वाटी नाकाशी धरायचे, डोळे मिटायचे. मी विचारायचे नाही आणि ते सांगायचे नाहीत. वाटी खाली कशी ठेवतात त्यावरून कळायचं.

पुढच्या माघात मी कारखान्यामागच्या पळसाची पानं तोडली, देठाशी सैल झालेली बघून, ओल्या फडक्यात बांधली आणि रविवारी दुपारी सरांच्या घरी गेले. वाटेत मी मनात सगळं ठरवलं होतं. अंगणात थोड्या गोवऱ्या पेटवू, सर पाटावर बसतील, आणि वास आला की मी सांगेन. सांगण्यात काही कमीपणा नाही, असंही सांगेन.

खिडकीतल्या वाट्या नव्हत्या. ओट्याखाली धुऊन पालथ्या घातलेल्या दिसल्या. मी काही बोलण्याआधीच सर म्हणाले, "डॉक्टर म्हणते, आता नाही यायचा. लय दिवस झाले."

मी फडकं सोडून पानं त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, "सर, आपण पानगे करू. मी सांगते ना कधी काढायचे."

त्यांनी एक पान उचललं. बोटांनी शिरा चाचपल्या, देठ बघितला. "बरोबर आणली," म्हणाले. मग पान खाली ठेवलं. "पानगे राहू दे. तुह्या नाकाचं दुसरं काम हाय. येशील का आत?"

आतल्या खोलीत काकूंचं लोखंडी कपाट होतं. दाराच्या फटीवरून चिकटपट्टी लावलेली, वरपासून खालपर्यंत, पिवळी पडलेली. मला आधी काही समजेना.

"ती गेल्यावर मी दवाखान्यातून आलो तं हे बंद होतं," सर म्हणाले. "उघडलं तं उडून जाईल म्हणून पट्टी लावून टाकली. म्हटलं, नाक आलं का मंग उघडीन. एकदम सारं घेईन." ते पट्टीचं टोक नखानं उचकटत होते. "आता माह्या वाटचं तू घे वं. अन् मले सांग."

पट्टी चर्र करत निघाली. कपाट उघडलं. साड्या घड्या घालून रचलेल्या होत्या आणि सगळ्यांत वर एक जांभळी सुती साडी, घडी न केलेली, नुसती चुरगळून ठेवलेली. सरांनी ती दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढे धरली. मी ती हातात घेतली आणि तोंड तिच्यात घातलं.

"डांबरगोळ्या आहेत," मी म्हणाले.

"हाव. पुढं."

"खोबरेल. ओवा आहे थोडा. आणि पदराला धूर आहे, गोवऱ्यांचा."

"हे वावरात नेसली होती. त्या शेवटच्या वक्ती. धुवायची राहिली." ते डोळे मिटून उभे होते, पण वास घेत नव्हते, नुसतं ऐकत होते. "आणखी?"

"पावडर. चंदनाची."

"हे तं सारं सामान झालं वं," सर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "तिचा येते का?"

मी पुन्हा नाक लावलं. डांबरगोळ्यांच्या, धुराच्या, पावडरीच्या खाली काहीतरी होतं. अगदी पुसट. ओले हात पदराला पुसत, गुडघ्याला गुडघा लावून बसणारं. मी ते ओळखलं आणि मला रडू आवरेना.

"येतो, सर."

"कसा हाय?"

मी खूप शोधलं. एकही शब्द सापडला नाही. "काकूंसारखा," मी म्हणाले.

"हाव," सर म्हणाले. त्यांनी मान हलवली, खूप वेळ हलवत राहिले. "तसाच राह्यचा."

मी आणखी एक श्वास घ्यायला तोंड खाली नेलं, तेव्हा त्यांनी माझ्या हातातून साडी हळूच ओढून घेतली.

"बस वं. लाव आता कपाट. थोडा राहू दे."